डायपोल की स्लोरेटा? ईईजीवरून उगम शोधताना

नवी मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत बायोमेडिकलच्या प्रोजेक्टला बसलेल्यांना हा प्रश्न हमखास पडतो. डोक्यावरच्या व्होल्टेजवरून, म्हणजे ईईजीवरून, ते मेंदूत कुठून आलं तो उगम काढायचा, तर गणिताला एकच उत्तर नसतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने हे 1853 मध्येच दाखवून दिलं. म्हणून प्रत्येक पद्धत पदरचं काहीतरी गृहीत धरते, आणि तुम्ही खरं तर ते गृहीतक निवडत असता.

डायपोल, म्हणजे धन-ऋण विद्युतभारांची एक छोटी जोडी, म्हणतो, उगम एका बिंदूत आहे. शोधायचे आकडे सहाच: तीन जागेचे, तीन दिशा आणि ताकदीचे. त्यामुळे 19 इलेक्ट्रोडांवरही गणित सुटतं. अपस्माराचा ठरावीक जागचा स्पाइक (ईईजीतलं टोकदार शिखर) असेल तर मी हाच घेईन. फक्त स्पाइकच्या टोकावर बसवू नका. तोवर लहर शेजारी पसरलेली असू शकते. चढाच्या मध्यावर बसवा. गोम अशी, की डोक्यावर स्पाइक दिसायला कॉर्टेक्सचा (मेंदूच्या बाहेरच्या थराचा) कित्येक चौरस सेंटिमीटरचा पट्टा एकदम पेटावा लागतो. त्याला बिंदू मानलं की उत्तर खऱ्यापेक्षा खोल जातं.

स्लोरेटा ही दुसरी पद्धत (2002) उगम किती आहेत हे आधी विचारत नाही. मेंदूतल्या हजारो बिंदूंवर हिशेब मांडते. उगम एकच आणि नॉइज शून्य असेल तर जागा अचूक लागते. पण असा डेटा कोणाच्या नशिबी? चित्र धूसर येतं, जवळजवळचे दोन उगम एकात मिसळतात. उगमांची संख्याच माहीत नसेल, तर मात्र हीच बरी.

पैसे कुठे घालायचे? सॉफ्टवेअरवर नको, एमएनई-पायथन फुकट आहे आणि त्यात दोन्ही पद्धती आहेत. माथ्यावर दाटी करण्याआधी कानाखालच्या रांगेत इलेक्ट्रोड लावा, नाहीतर मेंदूच्या कडेच्या टेम्पोरल लोबचा खालचा भाग सुटतो. एमआरआय त्याच माणसाचा मिळाला तर उत्तम. कवटी वीज फार कमी वाहू देते, तिची जाडी चुकली की उगमाची जागाही सरकते.

आणि जूनमध्ये नेरूळच्या दमट लॅबमध्ये 128 इलेक्ट्रोडांची टोपी चढवणार असाल तर आधी एसी लावा, डोक्याला तेल न लावता यायला सांगा. घामाने बेसलाइन (सिग्नलची मूळ रेषा) डोलते. जेल पसरून शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडले गेले की दोघं एकच व्होल्टेज दाखवतात. त्यापेक्षा नीट लावलेले 32 परवडले.

हिप्पोकॅम्पससारख्या खोल जागेसाठी दोन्हींवर फारशी भिस्त ठेवू नका. बाकी ठिकाणी एकाच डेटावर दोन्ही चालवा. उत्तरं वेगवेगळ्या लोबमध्ये पडली, तर आधी इलेक्ट्रोडांच्या जागांची फाइल तपासा.