आमच्या वाचकगटाच्या साइटसाठी होस्टिंग: दोन वर्षांचा अनुभव

"ताई, आपल्या साइटवर आज भलतंच काहीतरी वाचून दाखवतंय. कर्ज, विमा, विमानाची तिकिटं. रेकॉर्डिंगची यादी कुठे गेली?"

फोन एका अंध विद्यार्थ्याचा होता आणि त्याची परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. आम्ही एकोणीस जण हौसेने एकत्र आलो आहोत. विद्यार्थ्यांना लागणारं साहित्य आम्ही वाचून रेकॉर्ड करतो आणि साइटवर ठेवतो. गटाची कुठे नोंदणी नाही, पावती पुस्तक नाही. खर्च वर्गणीतून होतो आणि त्याचा हिशेब माझ्याकडे असतो. म्हणून साइट कुठे ठेवायची (यालाच होस्टिंग म्हणतात) हा प्रश्नही माझ्याच पदरात पडला. आमच्यासारख्या एखाद्या गटाला उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

त्या दिवशी झालं होतं असं, की डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपली होती आणि आमच्या पत्त्यावर जाहिरातींचं पान लागलं होतं. आठवणीच्या मेल आल्या होत्या, पण त्या गेल्या होत्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर. डोमेन त्याने स्वतःच्या नावाने घेतलं होतं आणि तो पत्ता वापरणं सोडून त्याला वर्ष झालं होतं. डॉट ऑर्ग, डॉट कॉम अशा डोमेनसाठी आयकॅनचा, म्हणजे डोमेनचा जागतिक कारभार पाहणाऱ्या संस्थेचा, नियम आहे: विक्रेत्याने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत कळवायचं. कळवलं होतं, फक्त आम्हाला नाही. मुदत संपल्यावर बऱ्याच विक्रेत्यांकडे काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं. पुढे विक्रेत्याने डोमेन काढून टाकलं, की ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ सुरू होतो आणि त्यात वेगळं, बरंच मोठं शुल्क पडतं. आम्ही पहिल्या टप्प्यातच होतो म्हणून वाचलो. तरी त्या सहकाऱ्याला गाठून जुना मेल उघडेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत आम्ही रेकॉर्डिंग एकेकाला फोनवर पाठवत बसलो होतो.

डोमेन सुटलं, पण त्या निमित्ताने होस्टिंगचं बिलही नीट पाहिलं आणि धक्काच बसला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार एका कंपनीपुरता नाही. पहिल्या वर्षी जो दर होता, त्याच्या तिपटीहून जास्त दर नूतनीकरणाला लावलेला. जाहिरातीतला मोठ्या अक्षरातला आकडा पहिल्या मुदतीचा असतो आणि तोही बऱ्याचदा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. आम्ही एका वर्षाचे भरले होते.

त्याच योजनेत 'अमर्याद जागा' लिहिलेली होती. मी अटींचं पान वाचायला घेतलं. खाली खाली जात शेवटी सापडलं: फाइलींच्या संख्येला मर्यादा आहे, आणि ऑडिओ-व्हिडिओचा साठा करायला ही जागा वापरायची नाही. आमच्याकडे ऑडिओ सोडून दुसरं आहेच काय? तीन वर्षं आम्ही नकळत अटी मोडत होतो. त्यांनी एका दिवसात खातं बंद केलं असतं तरी आम्हाला तक्रारीला जागा नव्हती. तेव्हापासून मी कुठल्याही योजनेत आधी तीन गोष्टी शोधते: नूतनीकरणाचा दर, फाइलींच्या संख्येची मर्यादा, आणि बॅकअप परत मिळवायला पैसे पडतात का. बॅकअप रोज घेतो असं सगळेच सांगतात. तो आपल्या हातात कधी आणि कसा येईल, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मग सवलतीच्या मागे लागले. समाजसेवी संस्थांना मोठ्या कंपन्या बरंच काही फुकट देतात, पण त्यासाठी संस्था नोंदलेली लागते. आमची नाही. दोन ठिकाणी अर्ज भरता भरता नोंदणी क्रमांकाच्या रकान्यापाशी थांबले. डॉट ऑर्ग डोमेनला मात्र अशी अट नाही, ते कोणालाही घेता येतं.

खरा उलगडा झाला तो आमच्या गटातल्या एका संगणकवाल्या मुलीमुळे. तिने विचारलं, "ताई, आपल्या साइटवर रोज बदलतं काय?" मी म्हटलं, यादी, तीही आठवड्याला एकदा. "मग वर्डप्रेस कशाला? साधी पानं पुरतील." तोवर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वर्डप्रेस ही साइट बनवायची आणि चालवायची प्रणाली. ती वाईट नाही, जगातल्या दहापैकी चारहून अधिक साइट तिच्यावर चालतात. पण तिच्यामागे डेटाबेस असतो, पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा असते, प्लगिन म्हणजे वरून जोडलेल्या सोयी असतात, आणि ते सगळं वेळच्या वेळी अद्ययावत ठेवायला माणूस लागतो. आमच्याकडे तो नव्हता. आमच्या जुन्या साइटवरचे सात प्लगिन दीड वर्ष कोणी हात न लावता पडून होते. साध्या एचटीएमएल पानांत, म्हणजे ब्राउझर थेट दाखवतो अशा फाइलींत, हे काहीच नसतं. अशी पानं फुकट ठेवून देणाऱ्या चांगल्या सेवा आहेत.

पहिले पाच महिने आम्ही अशाच एका सेवेवर, गिटहब पेजेसवर होतो. साइटचा आकार १ जीबीपर्यंत, महिन्याला साधारण १०० जीबीपर्यंत रहदारी, स्वतःचं डोमेन जोडता येतं, जाहिराती नाहीत. एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) प्रमाणपत्र आपोआप लागतं, ते लेट्स एन्क्रिप्टचं असतं. २०१५ पासून ही ना-नफा संस्था प्रमाणपत्रं फुकट देते आहे, तरी अजून त्यासाठी वेगळे पैसे मागणारे होस्टिंगवाले मला भेटले. पानं बदलायची तर ब्राउझरमध्येच फाइल उघडून लिहिता येतं, जुनी प्रत जपून राहते, चुकलं तर मागे जाता येतं. आमच्या गटातल्या निवृत्त शिक्षिका, वय एकाहत्तर, त्यांना मी शेजारी बसून दोन वेळा दाखवलं. तिसऱ्या वेळी त्यांनी नव्या रेकॉर्डिंगची ओळ स्वतः लिहिली, हिरवं बटण दाबलं आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही उघडून बघा." मिनिटभरात ओळ साइटवर होती.

तरीही आम्हाला तिथून निघावं लागलं, आणि कारण आमचंच होतं. फुकटच्या खात्यात पेजेस वापरायचं तर फाइलींचा साठा सार्वजनिक ठेवावा लागतो. साइटच्या पानांना त्याने काही बिघडत नाही. पण एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांची नावं आणि फोन नंबर असलेली यादी चुकून त्याच साठ्यात टाकली. तासाभरात लक्षात आलं, काढून टाकली. पण जुनी प्रत जपून राहते ही जी सोय, तीच इथे अंगावर आली: पुसलेली फाइल इतिहासात तशीच होती. शेवटी तो साठाच आम्ही काढून टाकला, नवा केला आणि यादीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला फोन करून झालेलं सांगितलं. आमच्यावर विश्वास टाकून नंबर देणाऱ्या मुलांना हे सांगताना मला फार जड गेलं.

आता साठा खासगी आहे आणि साइट क्लाउडफ्लेअर पेजेस या तशाच दुसऱ्या सेवेवर आहे. तिथे खासगी साठाही फुकट चालतो. महिन्याला ५०० वेळा साइट नव्याने बांधता येते, आम्हाला वीसही लागत नाहीत. एका साइटमध्ये २०,००० फाइली चालतात आणि एक फाइल जास्तीत जास्त २५ एमबीची.

या २५ एमबीपाशी आमचं गाडं अडलं, आणि त्यातूनच आमच्या ऑडिओला शिस्त लागली. आम्ही एमपी३ करत होतो ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट), एकाच चॅनेलमध्ये. त्या हिशेबाने तासाभराचं रेकॉर्डिंग २८.८ एमबी होतं, म्हणजे मर्यादेबाहेर. ४८ केबीपीएसवर तेच २१.६ एमबी होतं. संगीताला ते चाललं नसतं, बोलण्याला चालतं. मी एकच प्रकरण दोन्ही प्रकारांत करून तीन विद्यार्थ्यांना ऐकवलं, कुठलं कुठलं हे न सांगता. तिघांनाही फरक सांगता आला नाही. एकाने उलट विचारलं, "ही लहान असेल तर हीच द्या ना, माझा डेटा वाचेल." आमचं लक्ष आमच्या जागेवर होतं, त्याचं त्याच्या डेटावर. त्या दिवसापासून सगळं ४८ वर.

तरी ऑडिओचा सगळा साठा पानांच्या जोडीला ठेवणं बरोबर नाही. पानांसाठी दिलेली सेवा पानांसाठीच वापरावी, नाहीतर पुन्हा जुन्या अटींसारखंच व्हायचं. म्हणून रेकॉर्डिंग क्लाउडफ्लेअरच्याच आर-टू या साठवण सेवेत ठेवली. तिथे १० जीबीपर्यंत पैसे पडत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्यांनी कितीही उतरवून घेतलं तरी बाहेर जाणाऱ्या डेटाचं शुल्क नाही. बाकी बहुतेक साठवण सेवा याच जागी बिल वाढवतात. आमचं ३१० तासांचं रेकॉर्डिंग ६.७ जीबीत बसतं. मात्र खातं उघडताना कार्ड नोंदवावं लागतं आणि १० जीबीच्या पुढे आकारणी सुरू होते, तेव्हा महिन्यातून एकदा आकडा बघायचं काम मी वहीत लिहून ठेवलं आहे. ज्या पुस्तकांचा स्वामित्वहक्क संपलेला आहे, ती रेकॉर्डिंग आम्ही इंटरनेट आर्काइव्हवर चढवतो. ही ना-नफा ग्रंथालय संस्था १९९६ पासून चालू आहे, तिथे जागेचे पैसे नाहीत आणि ऐकायची सोय पानावरच मिळते.

साध्या पानांचा सर्वात मोठा फायदा मात्र पैशांचा नाही. जुन्या साइटच्या पहिल्या पानावर सरकणारी चित्रं होती. आम्हाला ती छान दिसायची. एनव्हीडीए ही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी वाचक-प्रणाली लावून मी पहिल्यांदा ते पान कानांनी 'पाहिलं', तेव्हा यादीपर्यंत पोचायला त्या चित्रांच्या आणि मेनूच्या सव्वीस थांब्यांवरून जावं लागलं. नव्या पानावर पहिलाच थांबा 'थेट यादीकडे' असा आहे. शिवाय आमच्या जुन्या थीममध्ये पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली होती, त्यामुळे काही विद्यार्थ्यांकडे मराठी मजकूर इंग्रजी आवाजात अडखळत वाचला जायचा. पानाच्या सुरुवातीला भाषेचा संकेत मराठीचा केला, की वाचक-प्रणाली मराठी आवाज उपलब्ध असेल तर तो निवडते. एका शब्दाचा बदल. तीन वर्षं तो कोणी केला नाही, कारण कोणी ऐकून पाहिलंच नव्हतं. स्वतः घडवलेल्या पानावर असं काही दुरुस्त करायला कोणाची परवानगी लागत नाही.

उणिवाही आहेत. साध्या पानांवर अर्ज भरून घेता येत नाही, त्यामुळे 'हे वाचून द्या' अशी मागणी आम्ही गुगल फॉर्मवर घेतो. डोमेनच्या नावाने आलेली मेल माझ्या पत्त्यावर वळवली आहे, फुकटात तेवढंच होतं. उत्तर माझ्या खासगी पत्त्यावरूनच जातं. फोन उचलून मदत करणारं कोणी नाही, सगळं वाचून शोधायचं. ज्या गटात संगणकाची थोडीही आवड असलेलं एकही माणूस नाही, त्यांना मी हे सुचवणार नाही. त्यांनी गुगल साइट्स घ्यावं. साधं आहे, जाहिराती नाहीत, डोमेनही जोडता येतं. आणि ज्यांना सभासदांची लॉगिन, देणग्या, नोंदणी असं सगळं लागतं, त्यांनी पैसे देऊन वर्डप्रेस ठेवावं, पण अद्ययावत ठेवणाऱ्या माणसाचं नाव आधी ठरवूनच.

डोमेन आम्ही मुद्दाम वेगळ्या विक्रेत्याकडे ठेवलं आहे. साइट एकीकडे, नाव दुसरीकडे. एकाशी बिनसलं तरी दुसरं हातात राहतं. ते हलवताना एक अडचण आली, ती सांगून ठेवते: मालकाच्या नावात बदल केला की बऱ्याच विक्रेत्यांकडे ६० दिवस डोमेन दुसरीकडे नेता येत नाही. आम्ही आधी नाव बदललं आणि मग हलवायला गेलो, त्यामुळे दोन महिने थांबलो. आधी हलवायला हवं होतं. एकदम दहा वर्षांपर्यंतचे पैसे भरता येतात. आम्ही पाच वर्षांचे भरले. वर्षभरात गटाचा नियमित खर्च आता एवढाच, डोमेनचा.

खात्याचा मेल गटाचा आहे आणि त्याची चावी दोघांकडे आहे, माझ्याकडे आणि त्या मुलीकडे. दुहेरी पडताळणीचे राखीव कोड छापून दोन घरांत ठेवले आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शिक्षिकाबाई सगळी साइट आणि नवी रेकॉर्डिंग एका हार्डडिस्कवर उतरवून घेतात आणि मला एका ओळीचा निरोप पाठवतात: "उतरवलं. उघडून पाहिलं. वाजतंय."