कोटिंगची काच की ॲक्रिलिक: पुसणाऱ्याच्या बाजूने

दिव्याची तिरीप न दाखवणारी कोटिंगची काच आणि साधे ॲक्रिलिक, म्हणजे काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक, दोन्ही मी घरच्या चित्रांच्या फ्रेमांना लावून पाहिली. कोटिंग केलेले ॲक्रिलिकही मिळते, पण त्याचा भाव ऐकून मी दुकानातूनच परतलो. चकाकी मोडायला पृष्ठभाग खरवडलेली नॉन-ग्लेअर काच जाडसर माउंटवर, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, चित्र दुधाळ करते, म्हणून तिचा विचार सोडला.

कोटिंगच्या काचेचे नखरे आहेत, नाही म्हणत नाही. साध्या काचेवर बोटाचा ठसा लपून जातो. इथे तो जांभळट-हिरवा होऊन मिरवतो. कोरड्या फडक्याने पुसायला गेलात तर ठसा जात नाही, नुसता पसरतो. मी अमोनिया नसलेले द्रावण मायक्रोफायबरवर मारतो, काचेवर कधीच नाही. ओघळ पट्टीखाली शिरला की माउंट तो पिऊन टाकतो आणि डाग कायमचा बसतो. काच बसवताना सुती हातमोजे घालायचे. यूव्ही (अतिनील) किरण अडवणाऱ्या थराची काच असेल तर कोणती बाजू आत जायची हे लेबलवर पाहायचे आणि ती बाजू घासायची नाही. एवढे सांभाळले की झाले.

ॲक्रिलिक हलके. 3 फूट बाय 2 फुटांची 2 मिलिमीटर काच पावणेतीन किलोच्या घरात जाते, ॲक्रिलिक त्याच्या निम्म्याने. फुटून तुकडेही उडत नाहीत. अमोनिया आणि स्पिरिट मात्र त्याला चालत नाही, आणि वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसायची सवय असेल तर ओरखडे ठरलेले.

पण माझा निकाल लागला तो स्टॅटिकमुळे, म्हणजे पृष्ठभागावर साचणाऱ्या विजेच्या भारामुळे. एका जानेवारीत आजीचे चारकोलचे चित्र फ्रेम करत होतो. ॲक्रिलिकवरची फिल्म सोलली, आणि टेबलावरचा प्रत्येक धागा उडी मारून चिकटला. पुसावे तर आणखी चिकटतात, कारण घासण्यानेच तो भार वाढतो. फ्रेम बंद करून भिंतीवर टांगली, तर आजीच्या कपाळावर एक केस! पाठ उघडली, केस काढला, टेप लावली. आता हनुवटीपाशी कण. तिसऱ्यांदा उघडल्यावर दिसले की ॲक्रिलिकच्या आतल्या बाजूला काळी भुकटी चढली आहे. ती धूळ नव्हती, चित्रच वर ओढले जात होते.

अँटिस्टॅटिक द्रावणाने फरक पडतो म्हणतात, मलाही थोडा पडला. पावसाळ्याच्या दमट हवेत त्रास कमी होतो हेही खरे. तुमचा हात माझ्यापेक्षा स्वच्छ असेल. तरी चारकोल किंवा पेस्टल असेल तर मी काचच सुचवेन. काचेवरचा ठसा बाहेर असतो, चहा उकळेपर्यंत पुसून होतो. आतल्या कणासाठी दर वेळी खिळे उपसावे लागतात.

आजीवर आता काच आहे. मुलांच्या खोलीतल्या पोस्टरवर ॲक्रिलिक तसेच ठेवले आहे, तिथे घरातच क्रिकेट चालते.