हजार लिटरच्या टाकीत तेराशे लिटर: आठ महिने वापरल्यावर

स्टॉक-फ्लो मॉडेलचं, म्हणजे साठा (स्टॉक) आणि त्यात येणारा-जाणारा ओघ (फ्लो) मांडला की पुढे काय होईल ते आलेखात दाखवणारं, हे सॉफ्टवेअर मी फुकटातलं घेतलं, कारण पैसेवाल्याची किंमत डॉलरात आणि माझा पगार बेळगावातला. पहिल्याच आठवड्यात काढून टाकणार होतो.

सरावाला गच्चीवरची टाकी मांडली. स्टॉक एकच, पाणी. सुरुवात ३०० लिटर, लक्ष्य ८००, तूट भरायचा काळ अर्धा दिवस. बॅलन्सिंग लूपही, म्हणजे तूट बघून साठ्याला लक्ष्याकडे ओढणारं चक्र, एकच; तेव्हा आलेखाची रेघ सावकाश ८०० ला टेकायला हवी. टेकते कुठली! ३०० वरून १३००, परत ३००, परत १३००. बाबा मागून बघत होते. "हजाराच्या टाकीत तेराशे कुठून रे मावतंय? गल्लीत पूर येईल की!"

दोन रात्री मॉडेलमधल्या बाणांची अधिक-उणे चिन्हं तपासत बसलो. सपोर्टला लिहिलं, तर मॅन्युअल वाचा म्हणून उत्तर. खोट लूपमध्ये नव्हतीच. टाइम स्टेप, म्हणजे किती वेळाने नव्याने हिशोब करायचा ते, आपोआप १ दिवस धरलेली. तूट ५००, ती अर्ध्या दिवसात भरायची, म्हणजे वेग दिवसाला हजार. आणि हा वेग सॉफ्टवेअर अख्खा दिवस तसाच चालवतं. स्टेप ०.१२५ केल्यावर ४२५, ५१९, पुढे सरळ गुळगुळीत. एका स्टॉकचा एकटा बॅलन्सिंग लूप, मध्ये विलंब नसेल तर, हेलकावे खातच नाही. एवढी सूचना पहिल्या खिडकीत द्यायला काय जात होतं? दोन तारे कापले ते त्याचेच.

पुढे कडोलीच्या काकांच्या कोबीचं मॉडेल केलं आणि राग थोडा निवळला. दरात लाटा दिसल्याबरोबर आधी स्टेप निम्मी केली, मग परत निम्मी. लाट जागची हलली नाही, म्हणजे खरी. दर चढला की सगळे कोबी लावतात, तो अडीच-तीन महिन्यांनी एकदम मार्केटला उतरतो आणि दर आपटतो. लागवड ज्या दरावरून ठरते तो मॉडेलमध्ये कायम धरला, लूप तुटला, लाट विरली. स्वस्त झाल्यावर लोक जास्त घेतात तो लूप तोडला, तर उलट जास्तच उसळली.

हे सगळं हाताने मात्र. सॉफ्टवेअर लूपची यादी देतं, जोर कुणाचा ते सांगत नाही. श्योनबर्ग, डेव्हिडसेन आणि एबरलाइन यांनी २०२० मध्ये प्रत्येक क्षणी कुठला लूप किती ओढतो ते आकड्यात मोजायची रीत मांडली; माझ्या फुकटातल्यात ती नाही.

सध्या तीन तारे. कॉलेजने पैसे भरले तर पैसेवालं घेऊ, खिशातून नाही.