लातूरच्या बारा बाय दहाच्या खोलीतला स्टिरिओ : पावसाळा ते उन्हाळा वापरानंतरचा अनुभव

घरात ऐकलेले गाणे खरे वाटावे म्हणून आपण हौसेने खर्च करतो. पण खरे म्हणजे कशासारखे, हे आधी मनाशी ठरलेले नसेल तर महागातली महाग यंत्रणाही महिन्याभरात फिकी वाटू लागते. माझी मोजपट्टी ध्वनिक्षेपकाविना झालेल्या बैठकीची आहे. गाणारा दहा-बारा फुटांवर बसलेला, मागे दोन तानपुरे, एका हाताला तबला आणि दुसऱ्या हाताला पेटी, आणि या सगळ्यांचा आवाज ज्याच्या त्याच्या जागेवरून, ज्याच्या त्याच्या आकाराने येणारा. गेल्या पावसाळ्यात मी साडेसहा इंची वूफर (खालच्या स्वरांसाठी) आणि एक इंची रेशमी ट्वीटर (वरच्या स्वरांसाठी) असलेली स्पीकरची जोडी, दोन चॅनेलचा साधा ॲम्प्लिफायर आणि सीडी प्लेअर घेतला. कंपन्यांची नावे लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते या वर्गातल्या बहुतेक जोड्यांना लागू पडेल.

कोणतीही यंत्रणा पारखायची असेल तर आधी नुसता तानपुरा लावून ऐकावा, असे माझे ठाम मत झाले आहे. घोडीवर तारेखाली दोरा नेमका बसला की जवारी, म्हणजे तारेची झंकार, खुलते आणि एका तारेतून स्वरांचा पुंजका उमटत राहतो. गायकाचा सूर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) असेल तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांवर, वाजते आणि तिचा पाचवा स्वरांश सुमारे ३४६ हर्ट्झवर, म्हणजे गंधारावर येतो. हाच तो स्वयंभू, म्हणजे कुणी न छेडता उमटणारा, गंधार. माझ्या आधीच्या साउंडबारवर तानपुरा म्हणजे एकसुरी गुणगुण होती. या जोडीवर, स्पीकर नीट मांडल्यावर, गंधार तारेपासून सुटून वर तरंगताना ऐकू येतो आणि तानपुरे दोन आहेत, एक नव्हे, हेही कळते.

मात्र ‘नीट मांडल्यावर’ या दोन शब्दांत बरेच काही आले. आमची खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, चारही भिंतींना सिमेंटचा गिलावा. मधोमध उभे राहून टाळी वाजवली की तिचा फडफडाट भिंतींमध्ये फिरत राहायचा. बारा फुटांच्या अंतरात सुमारे ४७ हर्ट्झचा नाद अडकतो, दहा फुटांत ५६ चा. रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळे ५६ ला दुहेरी जोर मिळतो आणि त्यांच्या दुपटीही घुमतात. त्यामुळे डग्ग्यावर ‘घे’ची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) ओढली जाताना मधला एखादा टप्पाच अचानक फुगायचा, आणि तबलजीची बोटे दिसण्याऐवजी खोलीच बोलू लागायची. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन फूट पुढे आणले, ट्वीटर कानाच्या उंचीला घेतले, मागच्या भिंतीला टेकून बसण्याची सवय सोडून खुर्ची पुढे ओढली, तेव्हा निम्मे दुखणे गेले. उरलेल्यासाठी विकतचे फोमचे पत्रे आणले नाहीत. आपल्याकडे कापूस पिकतो आणि पिंजारी अजून गाद्या भरून देतात. बाजूच्या दोन्ही भिंतींशी, चार बोटे पोकळी सोडून, एकेक जाड गादी उभी केली. टाळीचा फडफडाट थांबला आणि गायकाचा आवाज स्पीकरांमधून सुटून मधल्या मोकळ्या जागेत स्थिर झाला. पडदे लावून एवढे होत नाही. पडदा फक्त वरचे स्वर खातो आणि गाणे मुके करतो.

सुट्टीत हीच यंत्रणा गावाकडच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरात नेली होती. तिथे दगड-मातीच्या जाड, ओबडधोबड भिंती, वर लाकडी तुळया, खाली सारवलेली जमीन. काहीही न करता तानपुरा तिथे असा पसरला की घरातले सगळे बोलायचे थांबले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर माळवदाची धास्ती आपल्या भागात सगळ्यांच्याच मनात बसली आणि ती योग्यच होती. सिमेंटच्या घरात सुरक्षितता आली, तसा आवाजाचा हा प्रश्नही आला, आणि तो आपल्यालाच सोडवावा लागतो.

आता चहूबाजूंनी वेढणाऱ्या आवाजाविषयी. डॉल्बी ॲटमॉस हे छतासह सर्व बाजूंनी आवाज देणारे तंत्र २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आले आणि नंतर घराघरांत पोहोचले. एका परिचितांकडे छतावर आवाज उडवणाऱ्या स्पीकरांसह मी ते निवांत ऐकले. दोन चॅनेलचे ख्यालगायन त्यावर ‘सराउंड’ करून लावले, की तानपुरा डोक्यावर जातो, तबला पाठीमागे गळतो आणि गायक कुठेच उरत नाही. बैठक समोरून ऐकायची असते, तिला समोरच राहू द्यावे. भजनाची गोष्ट मात्र वेगळी आहे. एकादशीला देवळात आपण टाळकऱ्यांच्या मध्ये उभे असतो. टाळ डावीकडून, उजवीकडून, मागून येतो, पखवाज पोटात लागतो, आणि तिथे वेढले जाणे हेच खरे असते. कुणी देवळातच, मधोमध मायक्रोफोन ठेवून, ॲटमॉसच्या पद्धतीने भजन ध्वनिमुद्रित केले तर मी ते आनंदाने अनेक स्पीकरांवर ऐकेन. स्टुडिओत एकेक वाद्य वेगळे घेऊन वरून कृत्रिम घुमारा चढवलेल्या भजनाला मात्र कितीही स्पीकर लावले तरी देऊळ येत नाही. याउलट आकाशवाणीच्या कितीतरी जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांत आवाज मधल्या एकाच बिंदूतून येत असूनही गायकाचा श्वास आणि त्या खोलीची हवा जाणवते.

उन्हाळ्याने एक मर्यादा दाखवली. एप्रिल-मेमध्ये कूलर बंद ठेवता येत नाही, आणि त्याच्या घरघरीत विलंबित ख्यालातले सगळे बारकावे बुडतात. आवाज वाढवणे हा त्यावर उपाय नव्हे; प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक नैसर्गिक पातळी असते आणि ती ओलांडली की गायक माणसापेक्षा मोठा होतो. म्हणून मी उन्हाळ्यात पहाटे, कूलर बंद करण्याजोगा गारवा असेपर्यंत, भैरव आणि ललत ऐकतो. सुरुवातीला स्पीकरमधून अखंड गुणगुण यायची, ती घराचे अर्थिंग दुरुस्त केल्यावर गेली; विजेच्या कमी-जास्त दाबासाठी स्टॅबिलायझर घ्यावाच.

उणीव एकच राहिली आहे. पखवाजाच्या धुमेला (डाव्या तोंडाला) लावलेल्या कणकेचा तो खोल, ओला नाद साडेसहा इंची वूफर पूर्ण देत नाही. फक्त खोल स्वरांसाठी असलेला सबवूफर घ्यावा असे अनेकांनी सुचवले, पण या खोलीत तो नेमका ४७ आणि ५६ हर्ट्झलाच खतपाणी घालेल, म्हणून तो सध्या घेतलेला नाही; आधी मागच्या दोन कोपऱ्यांत छतापर्यंत गाद्या रचून काय फरक पडतो ते पाहणार आहे.