भाड्याच्या सदनिका, घरविक्री आणि सीएचे शुल्क: पुण्यातील एका कार्यालयाचा अनुभव

कोथरूडमधील ज्या सीए कार्यालयाकडे माझ्या भाड्याने दिलेल्या दोन सदनिकांचे काम आहे, तेथे प्राप्तिकर विवरणपत्राचे वार्षिक शुल्क सहा हजार रुपये अधिक 18 टक्के जीएसटी असे आहे. भाड्यातून मालमत्ता कर, 30 टक्के प्रमाणित वजावट आणि गृहकर्जाचे व्याज वजा करण्याच्या कामासाठी ही रक्कम मला रास्त वाटते.

खरा कस लागतो तो विक्रीच्या वर्षी. वडिलांनी 1988 मध्ये घेतलेले घर विकले तेव्हा पंधरा हजार रुपये वेगळे पडले, आणि ते देताना जराही जड वाटले नाही. कारण विक्रीतील नफ्यावरील कराचे, महागाई निर्देशांकाशिवाय (म्हणजे खरेदी किमतीत महागाईची वाढ न धरता) 12.5 टक्के आणि निर्देशांकासह 20 टक्के असे दोन्ही हिशेब त्यांनी एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडले, इतक्या जुन्या घराची खरेदी किंमत म्हणून धरता येणाऱ्या 1 एप्रिल 2001 च्या बाजारमूल्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल मागवला (त्याचे शुल्क अर्थातच निराळे) आणि खरेदीदाराने कापलेला 1 टक्का टीडीएस माझ्या पॅनवर जमा झाल्याची खात्रीही केली.

त्याआधी भेटलेल्या एका सीएने वाचवलेल्या करावर टक्केवारी मागितली होती. सनदी लेखापालांना 1949 च्या कायद्यानुसार असे निकालावर अवलंबून असलेले शुल्क घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे, त्यामुळे अशी मागणी होताच तेथून उठावे.

या कार्यालयाबाबत तक्रार एकच: जुलैअखेरीस त्यांचा फोन लागत नाही, म्हणून भाडेकरार आणि बँकेचे व्याज प्रमाणपत्र मे महिन्यातच नेऊन द्यावे.