चेरी आणि प्लमला एकच माप?

क्रॉफर्ड मार्केटात उन्हाळ्यात चेरी, प्लम, पीच शेजारी-शेजारी मांडलेले दिसतात. बुरशीनाशकाच्या अवशेषाची मर्यादाही सगळ्यांना एकच ठेवावी, की फळागणिक वेगळी?

एकच मर्यादा स्वस्त पडते, चाचण्या कमी लागतात. पण चेरी बारीक. वजनाच्या मानाने साल जास्त, म्हणून किलोमागे औषधही जास्त. तिच्या मापाने आकडा ठरवला की प्लमला फुकटची सूट! स्वतंत्र मर्यादेत ही पळवाट नाही, पण जर्दाळूसारख्या कमी पिकवल्या जाणाऱ्या फळाच्या शेतचाचण्यांचा खर्च कोण उचलणार? मर्यादाच ठरली नाही, तर भारतात किलोला ०.०१ मिलिग्रॅमचा सरसकट नियम लागतो.

कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) चेरी, प्लम, पीच असे उपगट पाडलेत. मला तेच पटतं. (आठळी आपण थुंकतो, पण अवशेषाच्या किलोमागच्या हिशेबात तिचंही वजन धरतात, बरं का.)