कॅप काढायचा हवेवरचा ठोक्या: आठ महिने वापरून

दातावरची जुनी कॅप काढायला मी बारा वर्षं सरकत्या वजनाचा रिमूव्हर वापरला. ठोकताना पेशंटची मान हलायची, माझं मनगट भरून यायचं. हा नवा ठोक्या एअरोटरच्याच, म्हणजे दात कोरायच्या हवेवरच्या यंत्राच्या, नळीला लागतो. कॉम्प्रेसरच्या हवेने आतला दट्ट्या आपटतो. ठोका छोटा, पण झटकन, म्हणून आधी कॅप चिकटवलेलं सिमेंट सुटतं. ओढ मात्र दाताच्या सरळ रेषेतच हवी. तिरकं धरलंत तर आतला खुंट मोडलाच म्हणून समजा! ब्रिज, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या कॅपा, असेल तर खालून तारेचा फास ओवायचा. परवा एका आजींनी विचारलं, "डॉक्टर, सुरू कधी करणार?" कॅप तेव्हा ट्रेमध्ये पडली होती. मूठ मात्र फार गुळगुळीत, ओल्या ग्लोव्हजमधून निसटते. एवढ्या किमतीत जरा खाचा पाडायला काय झालं होतं? हलणाऱ्या दातावर मी हा लावतच नाही.